जुना सुपरहिरो आज भंकस दिसतो: दोष सिनेमाचा किती, कॅसेटचा किती, टीव्हीचा किती?

विचारणा थोडक्यात अशी. नागपुरातलं घर, हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही. माळा आवरताना ‘मिस्टर इंडिया’ची व्हीएचएस कॅसेट निघाली, तिच्या खिडकीतून पांढरट बुरशी दिसते. त्याच सिनेमाच्या तीन व्हीसीडी आहेत. शिवाय १९६६च्या ‘बॅटमॅन’ची डीव्हीडी, नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेली. डीव्हीडी लॅपटॉपवरून टीव्हीवर लावली तर सगळं स्टुडिओत शूट केलेल्या नाटकासारखं दिसलं. व्हीसीडीत नुसते चौकोन. मुलं खो-खो हसली, पण चुकीच्या जागी. प्रश्न दोन: कॅसेट लावावी का, आणि लहानपणी भारी वाटलेले हे सिनेमे मुळातच इतके भंकस होते का?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पडद्यावरचा कोणता नकलीपणा दिग्दर्शकाने ठरवून ठेवलेला आहे हे कळल्याशिवाय टीव्हीच्या मेनूत काय बदलायचं ते ठरत नाही.

१९६६चा ‘बॅटमॅन’ हा गंभीर सिनेमा बनवताना फसलेला प्रयत्न नव्हे. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या विनोदी टीव्ही मालिकेचा तो मोठ्या पडद्यावरचा अवतार, दिग्दर्शक लेस्ली मार्टिन्सन. चेहरा दगडासारखा ठेवून अतर्क्य गोष्टी करायच्या, ही त्याची रीत. हेलिकॉप्टरच्या शिडीला लोंबकळणाऱ्या बॅटमॅनच्या पायाला शार्क चावा घेतो आणि त्याचा साथीदार रॉबिन वरून शार्क पळवायचा स्प्रे आणून देतो. शार्क रबरी आहे, आणि तो रबरी दिसतो हाच विनोद आहे. खलनायकांच्या अड्ड्यावर कॅमेरा तिरका होतो, तोही मुद्दाम. बॅटमॅनच्या गुहेतल्या प्रत्येक यंत्रावर पाटी लावलेली असते. ती वाचता आली नाही तर अर्धी गंमत गेली. म्हणजे इथे रंग भडक, चित्र स्वच्छ आणि हालचाल सिनेमाचीच दिसली पाहिजे.

‘मिस्टर इंडिया’ची जात वेगळी. १९८७चा, शेखर कपूर यांचा सिनेमा. ट्रिक दृश्यं पीटर परेरा यांची. इथे भडकपणा खलनायकाच्या वाट्याला दिलाय, तर अदृश्य माणसाच्या करामती प्रेक्षकाने खऱ्या मानाव्यात अशी अपेक्षा आहे. संगणकावर चित्रं रंगवायचा तो काळ नव्हता; तारा, कॅमेऱ्यातल्या युक्त्या आणि लॅबचं काम. थिएटरात जायची ती प्रत मूळ निगेटिव्हची नक्कल, त्यामुळे बारीक तार आपोआप विरघळायची. आज निगेटिव्ह थेट स्कॅन करून केलेल्या आवृत्तीत तार दिसली तर ती सेटिंगची चूक नाही. त्या वेळच्या प्रेक्षकाला जे दिसलंच नाही ते तुम्हाला दिसतंय एवढंच. त्यावर हसायला हरकत नाही.

नाटकासारखं दिसणं मात्र शंभर टक्के टीव्हीचं पाप. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या डोक्याने बनवून घुसवतो आणि हालचाल व्हिडिओसारखी गुळगुळीत होते. मग रबरी शार्क शार्कही राहत नाही आणि विनोदही राहत नाही, नुसतं गोदामात पडलेलं रबर दिसतं. सॅमसंगमध्ये हे ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ या नावाखाली असतं. पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की बहुतेक काम होतं. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गिऱ्हाईक ओढायला असतं, घरात त्याचा उपयोग नाही. रंगाचं तापमान ‘वॉर्म’. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. एक ध्यानात ठेवा, हे सेटिंग बहुतेक टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय इनपुटला वेगळं साठवलं जातं. सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर सगळं नीट करून लॅपटॉप दुसऱ्या इनपुटवर जोडलात तर मेहनत वाया.

शार्पनेस हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा आकडा. सॅमसंग आणि एलजीमध्ये शून्याच्या आसपास, सोनीत मात्र ५० म्हणजे ‘काही करू नका’. त्याच्यावर गेलात की माणसांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. तपासायला ‘बॅटमॅन’मध्येच एक नामी जागा आहे. जोकर झालेल्या सीझर रोमेरो यांनी मिशी काढायला नकार दिला होता, तेव्हा मिशीवरूनच पांढरा रंग फासला. जोकरचा चेहरा जवळून दिसेल अशा शॉटवर थांबा. वरच्या ओठावर रंगाखाली केसांचा खरखरीत उंचवटा दिसतोय? ठीक. तो उंचवटा अक्षरशः कोरल्यासारखा आणि जबड्याभोवती चमकती कडा दिसतेय? शार्पनेस उतरवा. मिशीच दिसत नाही, नुसता पांढरा लगदा? मग नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारी सोय, चालू राहिलंय, ते बंद करा. रंगासाठी रॉबिनकडे बघा: लाल जाकीट, हिरव्या बाह्या, पिवळी केप, आणि शेजारी माणसाची कातडी. लाल रंग शिवणीच्या सुरकुत्या गिळत असेल तर ‘कलर’ पाच-सात अंकांनी कमी करा. कातडी नैसर्गिक आणि जाकीट तरीही भडक, ही जागा सापडली की थांबा.

आकाराबद्दल. मालिका जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत होती म्हणून सिनेमाही तसाच असेल असं समजून काही जण चित्र दाबून बघतात. सिनेमा रुंद, १.८५:१ आहे, टीव्हीवर वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी राहते. ‘मिस्टर इंडिया’ची कॅसेट मात्र ४:३ मध्ये असणार, तिला ताणून पडदा भरू नका, मोगँबोचं तोंड भोपळ्याएवढं होतं. ५५ इंची टीव्हीवर ४:३ चित्र साधारण ९१ सेंटीमीटर रुंद आणि ६८ उंच येतं. दोन्ही बाजूला काळं राहू द्या. आणि टीव्हीत चित्राच्या कडा कापणारं ‘ओव्हरस्कॅन’ बंद म्हणजे ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ चालू करा.

डीव्हीडीला जगाच्या विभागानुसार कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात. अमेरिकेहून आलेली डीव्हीडी बहुधा रीजन १ची, भारत रीजन ५ मध्ये. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाच वेळा बदलता येतं, पाचव्या खेपेला ते कायमचं गोठतं. तेव्हा ‘बदलू का?’ विचारणाऱ्या खिडकीवर सवयीने ‘ओके’ दाबू नका. परदेशी डिस्क जास्त असतील तर वेगळा यूएसबी ड्राइव्ह घेऊन तो कायमचा रीजन १वर ठेवा, हे स्वस्तात सुटतं. ब्लू-रेचे विभाग निराळे, तिथे भारत ‘सी’ विभागात. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजनची भानगडच नाही. नव्याने विकत घ्यायचंच असेल तर ‘बॅटमॅन’सारख्या रंगांवर जगणाऱ्या सिनेमाला डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाण्यात खरा फरक पडतो, पण डिस्कच्या पाठीवरचा विभाग वाचूनच पैसे द्या.

आता कॅसेट. बुरशी दिसत असताना ती व्हीसीआरमध्ये घालू नका, ‘फक्त चालते का बघतो’ म्हणूनसुद्धा नाही. बुरशी व्हीसीआरच्या डोक्याच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडच्या, फटीत अडकते, चित्र जातं, आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लागते. लग्नाची कॅसेट त्याच रांगेत असेल तर विचार करा.

नागपुरात लोकांना वाटतं, एवढ्या कोरड्या गावात बुरशी कुठून? बाहेर मे महिन्यात ४५ अंश आणि हवा खडखडीत, खरंय. पण घरात कूलर. बंद खोलीत कूलर तासभर चालला की आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे सहज जाते, आणि ती दमट हवा माळ्यावर जाऊन बसते. वरून स्लॅब तापलेला. मग जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने कॅसेट एकतर भाजते किंवा भिजते.

पहिलं काम वाळवणं. हवाबंद डब्यात कॅसेट आणि २००-२५० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं, आठ ते दहा दिवस. जेलने रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. कॅसेट मात्र उन्हात, ओव्हनमध्ये, हेअर ड्रायरसमोर, कुठेच तापवायची नाही. ओली बुरशी पुसायला गेलं की टेपभर फासली जाते, वाळली की भुकटी होऊन ब्रशने निघते. एवढ्यासाठीच आठवडा थांबायचं.

मग उघडणं. हे गच्चीत किंवा अंगणात, मास्क लावून. हॉलमध्ये पंख्याखाली नाही. कॅसेट पालथी घाला, खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात, साधा फुली पेचकस चालतो. स्क्रू काढल्यावर दोन्ही अर्ध्या घट्ट धरून कॅसेट सुलटी करा आणि मग वरचं झाकण उचला. पालथी असतानाच उघडली तर चाकं, स्प्रिंग आणि ब्रेकच्या दोन बारीक खिट्या जमिनीवर. झाकण उचलल्याबरोबर मोबाइलने फोटो काढा: टेप कोणत्या रोलरच्या आतून आणि कोणत्या खांबाच्या बाहेरून जाते ते अर्ध्या तासाने आठवत नाही. दोन्ही रीळ उचलून गुंडाळीच्या कडा मऊ ब्रशने आतून बाहेरच्या दिशेला झाडा. टेपच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका. झाडून झाल्यावर रीळ त्याच जुन्या खोक्यात परत घालू नका, बुरशी खोक्यातही बसलेली असते. एखादी निरुपयोगी पण स्वच्छ, स्क्रूवाली कॅसेट उघडून तिच्या खोक्यात रीळ बसवा. टेप मध्येच तुटली असेल तर सेलोटेप वापरू नका, त्याचा डिंक गरम होऊन डोक्यावर उतरतो. जोडायची पट्टी वेगळी मिळते.

व्हीसीआर. नवा मिळणं संपलं. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, ती शेवटची होती. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत दुरुस्ती करणारे जुने कारागीर विचारून सापडतात. सेकंडहँड घेताना दोन मिनिटं चालवून समाधान मानू नका, वीस मिनिटं चालवायला लावा: ढिला झालेला पट्टा यंत्र तापल्यावर घसरतो आणि आवाज तरंगायला लागतो. मग कॅसेट बाहेर काढून टेपची कड बघा. कडेला झालर पडल्यासारखी दुमड असेल तर रबरी रोलर कडक झालाय, रोलर बदलल्याशिवाय तो व्हीसीआर तुमच्या कॅसेटच्या वाट्याला जाऊ देऊ नका.

डोकं साफ करायचं तर प्लग काढून, झाकण उघडून. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात. धागे न सुटणारा चामड्यासारखा मऊ तुकडा भिजवून डोकी बसवलेल्या गोल ड्रमला आडवा, स्थिर टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने हळू फिरवायचा. वर-खाली घासलं की डोक्याचं फेराइट उडतं, संपला खेळ. कापसाची काडीही ड्रमला नको, तिचा धागा डोक्यात अडकतो. टेपच्या वाटेतल्या बाकीच्या धातूच्या खांबांना काडी चालते. पाच-दहा मिनिटं वाळू द्या. आधी एक टाकाऊ कॅसेट चालवा, मग तुमची. तिलाही थेट ‘प्ले’ नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे मोकळे होतात. आणि एसीच्या थंड खोलीतून कॅसेट कूलरच्या खोलीत आणली असेल तर दोन तास तशीच ठेवा, तिच्यावर दव धरतं.

जोडणीत हमखास गंडतं ते इथे. नव्या टीव्हीत पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या जागी बरेचदा एकच ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. त्याला लागणारी वायर कंपनीगणिक वेगळी. चुकीची लावली तर टीव्हीच्या स्पीकरमधून घरघर ऐकू येते आणि चित्र येत नाही. वायर फेकायच्या आधी पिना अदलून बघा. व्हिडिओचं एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डब्या आपल्या ५० हर्ट्झच्या सिग्नलचे ६० करतात आणि चित्र ताणून १६:९ करून देतात. कॅमेरा आडवा फिरला की झटके बसतात ते त्यामुळे. एकदा बघायला ठीक, संगणकात फाइल म्हणून उतरवून ठेवायला अजिबात नाही.

उतरवून ठेवायचंच, कारण बुरशी लागलेली टेप दहा वेळा चालवायची नसते. यूएसबी कॅप्चर यंत्र लॅपटॉपला थेट जोडा, हबमधून नाही. ७२० × ५७६, सेकंदाला २५ चौकटी, आवाज ४८ किलोहर्ट्झ. हफवाययूव्हीसारख्या, चित्रातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या कोडेकमध्ये तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, म्हणजे या सिनेमाला १०० जीबी मोकळी ठेवा. चित्र वर-खाली थरथरत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारा सिग्नल वेळेत सरळ करणारं यंत्र, हवा. तो महाग पडतो, पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर त्यांच्यातून सिग्नल नुसता पुढे नेला तरी बरंच काम करून देतात. चित्राच्या तळाला आठ-दहा ओळींची फाटकी पट्टी दिसेल. ती बिघाड नाही, एका डोक्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची जागा आहे. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड लपायची. कापू नका, तेवढ्या ओळी काळ्या करा म्हणजे मापं बदलत नाहीत.

पुष्कळ जण इथे एक चूक करतात: डी-इंटरलेस. टेपवर प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत असते, ते अर्धे मोडून एकसंध चित्र बनवायची ही क्रिया. घरगुती कॅमेऱ्याच्या शूटिंगला ते लागतं. सिनेमाच्या पॅल (आपल्याकडची, सेकंदाला २५ चौकटींची पद्धत) कॅसेटवर मात्र प्रत्येक चौकटीचे दोन्ही अर्धे एकाच फिल्म-चौकटीतून आलेले असतात. आंधळेपणाने डी-इंटरलेस केलं तर निम्मा तपशील जातो. कंगव्यासारख्या रेघा दिसल्याच तर अर्धे एकाने सरकलेत. ते जुळवणारा फिल्टर, म्हणजे फील्ड मॅचिंग, वापरा.

लांबीवरून कॅसेट पूर्ण आहे का तेही कळतं. सिनेमा १७९ मिनिटांचा. २४ चौकटींचा सिनेमा पॅलमध्ये २५ने पळतो, म्हणजे चार टक्के लवकर संपतो: सुमारे १७२ मिनिटं. ई-१८०, म्हणजे १८० मिनिटांच्या, कॅसेटमध्ये तो जेमतेम बसतो. तुमची कॅसेट दीडशेच्या आसपास संपत असेल तर कोणीतरी गाणी उडवलीत. याच चार टक्क्यांमुळे गाण्यांची पट्टी अर्ध्या सुरापेक्षा थोडी कमी चढलेली असते. कानाला खटकत असेल तर उतरवलेली फाइल पुन्हा २४वर नेली की आवाजही जागेवर येतो. त्या काळच्या कॅसेटवर चित्राच्या तळाशी सरकणाऱ्या जाहिराती असायच्या. त्या पुसायच्या भानगडीत पडू नका, आता सिनेमाइतक्याच बघण्यासारख्या झाल्यात.

आणि लाल प्रकाशाचे प्रसंग. अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो, ही या सिनेमाची कल्पना, आणि व्हीएचएसला नेमका लालच झेपत नाही. या टेपवर काळं-पांढरं चित्र आडव्या दिशेत साधारण २४० रेषांइतकं उतरतं, रंग जेमतेम ४०. सगळी चौकट लाल झाली की तपशील रंगात बुडतो आणि लाल डाग कडेच्या बाहेर उजवीकडे ओघळतो. तिथे ट्रॅकिंगचं बटण फिरवून काही होणार नाही. ‘कलर’ नेहमीच्या ५० वरून चाळीसच्या आत आणा, ओघळ कमी जाणवतो. टेप वाईट आहे की नाही हे त्या प्रसंगावरून ठरवू नका, दिवसाउजेडातल्या रस्त्यावरच्या प्रसंगावरून ठरवा.

व्हीसीडीचं फार काही करता येत नाही. ३५२ × २८८चं चित्र, सेकंदाला ११५० किलोबिट. मारामारी सुरू झाली की चौकोन पडणारच. टीव्हीचं नॉइज रिडक्शन इथे मात्र ‘लो’वर चालू करा आणि चार-साडेचार मीटर मागे बसा, तेवढ्या अंतरावर डोळा चौकोन माफ करतो. ओरखडा नसला तरी फाइल कॉपी होताना अडकते, कारण व्हीसीडीत व्हिडिओच्या भागाला डेटा सीडीसारखं चुका दुरुस्त करणारं जादाचं कवच दिलेलंच नसतं. साध्या कॉपी-पेस्टऐवजी व्हीसीडी ओळखणारा प्रोग्रॅम वापरा, तो खराब तुकडा ओलांडून पुढे जातो. कॅसेट नीट उतरली तर व्हीसीडीचा उपयोग एकच: टेप जिथे खराब झाली असेल तिथला आवाज तिच्यावरून घ्यायचा.

सगळं झाल्यावर कॅसेट पूर्ण मागे गुंडाळा, पुस्तकासारखी उभी, भरलेलं रीळ खाली येईल अशी, झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. पश्चिमेची भिंत नको, स्पीकरशेजारी नको, माळा तर नकोच. आणि पुडी दरवर्षी कूलर काढला की बदला.